मागची जोडी

गेल्या महिन्यात माझ्यासमोर एक पिकअप आणून उभी केली. पांढरी, आठ-नऊ वर्षांची, दारावर देवीचं चित्र. पुढून पाहिली तर आसामच्या कुठल्याही बाजारात दिसते तशीच. मागे गेलो आणि थांबलो. मागच्या धुरीला दोनाच्या जागी चार टायर होते. मडगार्ड कापून त्यावर वाकवलेला पत्रा जोडला होता, आणि टायर त्याच्याही बाहेर चार बोटं डोकावत होते.

युनिटचं नाव आणि नेमकं ठिकाण सांगत नाही, नियमित वाचकांना त्याची सवय आहे. इतकंच सांगतो की आमच्या दारावरून जो रस्ता जातो तो लेडोहून निघून जागुन, जयरामपूर, नामपोंग करत पांगसाऊ खिंडीत म्यानमारच्या हद्दीला लागतो. नकाशावर त्याचं नाव स्टिलवेल रोड. जुनं नाव लेडो रोड.

गाडी एका माजी हवालदाराची. गुरखा रेजिमेंटमधून निवृत्त होऊन इथेच स्थायिक झालेला. गावात त्याला सगळे दाज्यू म्हणतात, म्हणजे थोरला भाऊ. वर्षाच्या भाड्याच्या गाड्यांची निविदा निघाली होती, रोडहेडपासून वरच्या पोस्टपर्यंत रेशन आणि केरोसीन न्यायला. जास्त वजन नेणाऱ्या गाडीला दर चांगला होता. दाज्यूची पिकअप त्या गटात बसत नव्हती. म्हणून त्याने निवृत्तीच्या पैशातले राहिलेले घालून खाली सपाटीवरच्या एका गॅरेजमध्ये तिला सहा टायरची करून आणली. गाड्या तपासणाऱ्या बोर्डाचा अध्यक्ष मी.

‘‘साब,’’ दाज्यू म्हणाला, ‘‘पहले दो टायर था, अब चार है। दो का काम चार करेगा।’’

हिशेब इतका सरळ होता की क्षणभर मलाही पटला.

आमचे एमटी सुभेदार साहेब सातारचे. त्यांनी काही न बोलता खिशातून रुमाल काढला, जमिनीवर टाकला, त्यावर गुडघा टेकून गाडीखाली डोकं घातलं. बराच वेळ ते बाहेर आले नाहीत. त्या वेळात माझ्या डोक्यात जे सुरू झालं ते या लेखाचं मूळ. मागच्या धुरीला चाकांची जोडी आली कुठून, आणि लष्करांनी ती का घेतली, का टाकली? हा इतिहास शंभर वर्षांहून थोडा जास्त आहे आणि त्यातला एक तुकडा माझ्या दारावरून जातो.

सुरुवात रबरात हवा नव्हती तेव्हापासून करावी लागते. पहिल्या महायुद्धातल्या ट्रकना भरीव रबराचे टायर असत. लोखंडी चाकावर रबराचा जाड पट्टा, बस. ट्रकचं बहुतेक वजन मागे पडतं. भरलेल्या गाडीत तीन-चतुर्थांशाच्या आसपास मागच्या धुरीवर असतं. ते एका पट्ट्यावर टाकलं की पट्टा तापून चिरतो. खूप रुंद पट्टा केला तर रस्ता मध्ये फुगीर असल्यामुळे सगळं वजन त्याच्या एकाच कडेवर येतं. म्हणून शेजारी शेजारी दोन पट्टे. फ्रेंचांच्या बर्लिए सीबीए ट्रकला मागे अशी जोडी होती, अमेरिकनांच्या लिबर्टी ट्रकलाही.

बर्लिएचं नाव घेतलं की वर्दं आलंच. फेब्रुवारी १९१६ मध्ये जर्मनांनी वर्दंवर हल्ला चढवला तेव्हा शहराकडे जाणारी मोठी रेल्वे तुटलेली किंवा तोफांच्या टप्प्यात होती. राहिला बार-ल्य-द्यूकपासूनचा सत्तर-बहात्तर किलोमीटरचा एक गावरस्ता आणि एक अरुंद रेल्वे. त्या रस्त्यावरून आठवड्याला सुमारे ९०,००० माणसं आणि ५०,००० टन माल गेला. सरासरी दर चौदा सेकंदांना एक गाडी. बंद पडलेली गाडी दुरुस्त करत बसायचं नाही, ढकलून खड्ड्यात. पण मला सगळ्यात आवडतो तो रस्ता टिकवण्याचा प्रकार. बाजूला खाणी उघडल्या आणि वयस्क राखीव सैनिकांना फावडी देऊन उभं केलं. ते धावत्या गाड्यांच्या चाकांपुढे खडी टाकत राहिले. रोलर आणायला वेळ आणि जागा नव्हती. भरीव रबराच्या त्या चाकांनीच खडी दाबली. ज्या गाड्या रस्ता मोडत होत्या त्याच तो बांधतही होत्या. आज सीमा सडक संघटनेच्या एखाद्या अधिकाऱ्याला हे सांगून पाहा, तो हसेल आणि मग विचारात पडेल.

अमेरिकनांनी हाच धडा घरच्या मातीत घेतला. ७ जुलै १९१९ रोजी वॉशिंग्टनहून सैन्याचा एक ताफा सॅन फ्रान्सिस्कोला निघाला, सुमारे ८० वाहनं. उद्देश असा की मोटारींनी देश ओलांडता येतो का पाहायचं. ३,२५१ मैल, म्हणजे पाच हजार किलोमीटरहून थोडं जास्त. लागले ६२ दिवस. लाकडी पूल गाड्यांखाली मोडले आणि सॅपर्सनी ते पुन्हा बांधले, युटाच्या खारट चिखलात ट्रक रुतले, नेवाडाच्या वाळूत माणसांनी दोर लावून ओढले. ताफ्यात निरीक्षक म्हणून एक तरुण लेफ्टनंट कर्नल होता, आयझेनहॉवर. पुढे तो राष्ट्राध्यक्ष झाला आणि १९५६ मध्ये आंतरराज्य महामार्गांचा कायदा त्याच्या सहीने झाला, हा भाग सर्वांना माहीत आहे. कमी सांगितला जातो तो भाग टायरचा. अरुंद, भरीव टायरची जड गाडी मऊ जमिनीत सुरीसारखी जाते. हवेचा टायर पसरतो, जमिनीला धरतो. गुडइयर कंपनीने १९१७ पासूनच ॲक्रन ते बोस्टन हवेच्या टायरवर ट्रक चालवून हे दाखवायला सुरुवात केली होती. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत भरीव टायर मागे पडला.

टायर बदलला, जोडी मात्र राहिली. कारण आता वेगळं होतं. मोठं वजन पेलणारा एकच मोठा हवेचा टायर बनवणं त्या काळी अवघड आणि महाग होतं. शिवाय मोठा टायर म्हणजे उंच गाडी, जड चाक, वेगळी रिम, वेगळी स्टेपनी. त्यापेक्षा एकाच मापाचे मध्यम टायर घ्या, पुढे एकेक लावा, मागे जोडी लावा. कुठलाही टायर कुठेही चालतो आणि स्टेपनी एकच. ज्याने कधी रात्री बारा वाजता पावसात ताफा थांबवून ‘‘या गाडीला कुठली स्टेपनी बसते?’’ असं विचारलंय, त्याला या सोयीची किंमत सांगायला नको.

या विचाराचं सगळ्यात गाजलेलं रूप म्हणजे जीएमसीचा अडीच टनी, सीसीकेडब्ल्यू. साडेपाच लाखांच्या वर बनले. तीन धुऱ्या, सहाही ठिकाणी ताकद, आणि दहा टायर, सगळे एकाच मापाचे: ७.५०-२०. अमेरिकन सैनिक त्याला ‘जिमी’ म्हणत. ऑगस्ट ते नोव्हेंबर १९४४ मध्ये फ्रान्सात ‘रेड बॉल एक्सप्रेस’ धावली ती मुख्यतः याच गाड्यांवर. पक्क्या रस्त्यावर अडीच टनाच्या गाडीत पाच टन भरायची परवानगी होती, आणि भरलंही. चालकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कृष्णवर्णीय होते. त्यांच्याच सैन्यात त्यांना वेगळ्या तुकड्यांत ठेवलं जाई, लढाईच्या युनिटमध्ये सहसा घेतलं जात नसे. पॅटनचे रणगाडे पळाले ते त्यांनी आणलेल्या पेट्रोलवर.

आता दुसरी बाजू. ब्रिटिश आणि त्यांच्यामागे कॅनडा यांचा विचार उलटा होता. कॅनडात फोर्ड आणि शेव्हरोलेने बनवलेले सीएमपी ट्रक, ज्यांवर आपली चौदावी आर्मीही बरीचशी हलली, त्यांच्या तीन टनी नमुन्याला पुढे-मागे सगळीकडे एकेकच मोठा टायर होता, १०.५०-२०. (याच सीएमपीच्या सांगाड्यावर आपल्याकडे चिलखत चढवून एक गाडी बनली, तिचं नाव पडलं ‘टाटानगर’. तिच्यावर कधीतरी वेगळा लेख.) एकेरी टायरमागे कारण होतं वाळवंट. वाळूत किंवा मऊ मातीत पुढचं चाक चाकोरी पाडतं. मागचं चाक एकेरी आणि त्याच रेषेत असेल तर ते तयार चाकोरीतून जातं. मागे जोडी असेल तर तिला नवी, रुंद चाकोरी कापावी लागते, म्हणजे इंजिनचं काम वाढतं. चिकट माती दोन टायरच्या मधे भरते आणि जोडीचं एकच गुळगुळीत पिंप होतं. दगडाळ रस्त्यावर तिसरीच भानगड. मधे दगड अडकतो, आतल्या बाजूने टायर खातो, आणि वेग आला की गोफणीतून सुटावा तसा मागच्या गाडीच्या काचेवर जातो.

तर जोडी हवी की एकेरी? दोन सैन्यांची दोन उत्तरं होती, आणि गंमत म्हणजे एकाच कारखान्यातून एकाच वेळी दोन्ही बाहेर पडली. १९४२ मध्ये सीसीकेडब्ल्यूचीच यंत्रणा नावेच्या आकाराच्या पत्र्यात घालून पाण्यात चालणारी गाडी बनवली गेली. ती डीयूकेडब्ल्यू, सैनिकांच्या तोंडी ‘डक’. हिला किनाऱ्याच्या ओल्या वाळूतून वर चढायचं होतं. म्हणून दहा टायर काढून सहाच ठेवले, पण मोठे. आणि चालकाला जागेवर बसून टायरची हवा कमी-जास्त करता येईल अशी सोय दिली. वाळूत हवा सोड, रस्त्यावर भर. जुलै १९४३ मध्ये सिसिलीच्या किनाऱ्यावर तिने पहिली मोठी कामगिरी केली. इंजिन त्याच घराण्यातलं, यंत्रणा तीच, काम वेगळं म्हणून चाकं वेगळी. रूपांतराचं यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला सापडलेलं नाही.

आणि आता आमचा रस्ता.

डिसेंबर १९४२ मध्ये अमेरिकनांनी लेडोहून काम सुरू केलं. जपान्यांनी ब्रह्मदेश घेऊन चीनचा जुना रस्ता तोडला होता, म्हणून आसामातून नवा. लेडोपासून कुनमिंगपर्यंत, जुन्या बर्मा रोडचा भाग धरून, १,०७९ मैल. सुमारे १५,००० अमेरिकन सैनिक राबले, त्यातले साठ टक्के कृष्णवर्णीय, आणि त्यांच्यासोबत ३५,००० च्या आसपास स्थानिक मजूर. हजारापेक्षा जास्त अमेरिकन मेले. मजूर किती मेले हे मोजण्याची तसदी त्या मानाने कमी घेतली गेली. जयरामपूरला एक युद्धकालीन दफनभूमी आहे, १९९७ मध्ये झाडीतून पुन्हा उजेडात आली. मी तिथे दोनदा गेलो. बहुतेक थडग्यांना नावं नाहीत.

पांगसाऊ खिंड उंचीने काही विशेष नाही, ३,७२७ फूट. आमच्यातला लडाखमधून बदलून आलेला कुणी हे ऐकून नाक मुरडतो. जूनमध्ये त्याला वर न्यायचं. इथली माती पाण्यात साबणासारखी होते. डोंगर सुटा आहे, पावसात पूर्ण उतार खाली येतो. त्या उतारावरून दहा टायरचा जिमी कसा जात असेल? उत्तर असं की आधी रस्ता जोडीच्या लायकीचा केला गेला. खडी, खडी आणि पुन्हा खडी. बुलडोझरनी डोंगर कापला, नदीतल्या गोट्यांची भर घातली, आणि त्या भरावर जोडीने वजन पसरून नेलं. कच्च्या चिखलात जोडी ब्रिटिश एकेरीपुढे हरली असती. खडी टाकलेल्या रस्त्यावर ती जिंकते, कारण तिथे प्रश्न रुतण्याचा नसतो, वजनाचा असतो. म्हणून अमेरिकनांची जोडी आणि अमेरिकनांचा बुलडोझर वेगळे काढून पाहता येत नाहीत. पहिला ताफा ११३ वाहनांचा, १२ जानेवारी १९४५ ला लेडोहून निघाला आणि ४ फेब्रुवारीला कुनमिंगला पोचला. त्यानंतरच्या महिन्यांत पंचवीस हजारांच्या वर गाड्या या रस्त्याने गेल्या, त्यातल्या बहुतेक एकमार्गी. माल घेऊन जायचं आणि गाडीही चीनला देऊन टाकायची.

इतकं करूनही जुलै १९४५ मध्ये विमानांनी ‘हंप’वरून सुमारे ७१,००० टन नेलं, आणि या रस्त्याने जेमतेम ६,००० टन. युद्ध संपलं, जंगलाने रस्ता परत घेतला. आपल्या हद्दीतला साठेक किलोमीटर राहिला.

त्या रस्त्याचे तुकडे इथल्या घराघरांत आहेत. पेट्रोलच्या पिंपाचा पत्रा कुंपणाला, जाळीदार लोखंडी पट्ट्या गोठ्याच्या जमिनीला. दाज्यूच्या अंगणात एक जुनी ट्रकची रिम आहे, तिच्यावर तो दाव्याने बकरी बांधतो. हे मला नंतर कळलं.

सुभेदार साहेब गाडीखालून बाहेर आले. हात पुसत मराठीत म्हणाले, ‘‘साहेब, हब मूळचंच आहे. मधे लोखंडाचा गट्टू घातलाय. लेथवर कापलेला.’’

इथे थोडं यंत्रशास्त्र सांगावं लागेल, कंटाळा आला तर पुढचे दोन परिच्छेद गाळा. माझे एएससी आणि ईएमईचे मित्र गाळणार नाहीत, उलट चुका काढतील.

जोडीची रिम साध्या रिमसारखी नसते. तिची मधली तबकडी खूप खोल असते, ताटासारखी नाही, पातेल्यासारखी. दोन रिम पाठीला पाठ लावल्या की त्यांच्या तबकड्या एकमेकींना भिडतात आणि दोन टायरमधे बोटं जातील इतकी फट राहते. कारखान्यात जोडीसाठी बनलेल्या धुरीत हब असं बसवलेलं असतं की या जोडीची मधली रेषा बेअरिंगच्या वर येते. एकेरी धुरीतही चाकाची मधली रेषा बेअरिंगजवळच असते, पण तिथे जागा एका टायरपुरती. तिथे जोडी लावायला गेलात तर आतला टायर पाट्यांना घासतो. म्हणून मधे लोखंडी गट्टू घालून सगळी जोडी बाहेर ढकलायची. बादली कोपराच्या खाचेत अडकवून धरा आणि मग तीच बादली हात लांब करून बोटांत धरा. पाणी तेवढंच, खांद्याला मात्र फरक कळतो. इथे खांदा म्हणजे बेअरिंग, धुरीचं टोक आणि हबचे स्टड.

आणि टायरचा हिशेबही दाज्यूला वाटला तसा नाही. टायरच्या बाजूवर वजनाचे दोन आकडे असतात, समजा १२१/११८. पहिला एकट्यासाठी: १,४५० किलो. दुसरा जोडीतल्या प्रत्येकासाठी: १,३२० किलो. जोडीत टायर कमी पेलतो असं कंपनीच सांगते, कारण दोघांवर वजन कधीच सारखं येत नाही. रस्ता फुगीर असतो, एकात हवा कमी असते, एक जुना असतो. दोघांच्या व्यासात पाव इंचापेक्षा जास्त फरक पडला की मोठा सगळं ओढतो आणि लहान घासत जातो. तरीही चार टायरचे ५,२८० किलो होतात आणि दोनाचे २,९००. म्हणजे रबराची क्षमता खरोखर वाढते. पाटे, ब्रेक, चासी, धुरी मात्र होती तिथेच राहतात.

या रूपांतराचं माहेरघर अमेरिका. १९७३ मध्ये जनरल मोटर्सने मागे जोडी असलेली एक टनी पिकअप कारखान्यातूनच विकायला काढली, ‘बिग डूली’ नावाने. घोड्यांचे ट्रेलर, गवताचे गठ्ठे, राहण्याच्या गाड्या ओढणाऱ्यांनी ती उचलली. जोडीने गाडी मागे डुलत नाही, आडव्या वाऱ्यात ट्रेलर शेपटीसारखा फिरत नाही. मग ज्यांच्याकडे एकेरी होती त्यांनीही जोडी लावायला सुरुवात केली. त्यातल्या शहाण्यांनी मोडीतल्या गाडीची अख्खी मागची धुरी आणली, ब्रेक-पाट्यांसकट. पुढच्या चाकांनाही तशाच खोल रिम बसवल्या, म्हणजे स्टेपनी एकच राहील. बाकीच्यांनी गट्टू लावले. तिथले जाणकारही सांगतात की गट्टूने गाडी स्थिर होईल, पण कारखान्याच्या पाटीवर लिहिलेलं वजन वाढणार नाही. त्यांच्या एक टनी गाड्यांत निदान धुरी अशी असते की चाकाचं वजन हब आणि बाहेरची नळी पेलते, आतल्या दांड्याला फक्त फिरवायचं काम. दाज्यूच्या गाडीत तो आतला दांडाच फिरवतोही आणि वजनही पेलतो. तो तुटला की चाक एकटंच पुढे जातं.

आपल्याकडे जोडीची छोटी गाडी रुजली ती १९८६ च्या टाटा ४०७ ने. पुण्यात बनलेली. नारायणगावचा टोमॅटो वाशीला नेणाऱ्या कुणालाही विचारा. पण ती जन्मापासून जोडीची होती.

उलट दिशेची रूपांतरंही झाली, आणि ती करणारं सैन्य जोडीचा पुरस्कार करणारंच होतं. अमेरिकनांचा पाच टनी एम९३९ हा १९८० च्या दशकात दहा टायर घेऊन आला. त्याच्या पुढच्या आवृत्तीत सहाच मोठे टायर राहिले, आणि त्याच्या पुढच्या आवृत्तीला चालकाने बसल्या जागी हवा बदलायची सोय मिळाली. म्हणजे पन्नास वर्षांनी ते ‘डक’च्या चाकांवर परत आले. टायर बनवण्याचं तंत्र सुधारलं होतं, एकच मोठा टायर आता ते वजन घेत होता.

हे सगळं मी दाज्यूला तिथे सांगितलं नाही. बोर्डात भाषण करत नाहीत. गाडीत पोत्यांनी वजन भरलं, सुभेदार साहेब शेजारी बसले, बारा किलोमीटरचा चढ-उतार करून आले. डाव्या हबवर हात ठेवला आणि झटकन काढला. आतल्या टायरच्या बाजूवर घासल्याची काळी, चकचकीत रेघ होती. एका स्टडजवळ गट्टूला केसाएवढी चीर होती, किंवा लेथचा ओरखडा असेल. सुभेदार साहेब म्हणाले चीर, मला खात्री नव्हती.

मी गाडी नापास केली.

हे लिहायला सोपं आहे. निवृत्त जवानाचा पैसा त्यात अडकला होता, आणि ‘‘साब, एक सीझन चलने दो’’ हे त्याने एकदाच म्हटलं, तेही सावधानमध्ये उभं राहून. कागदोपत्री कारण सोपं होतं: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कारखान्याने ठरवलेली मूळ रचना अशी बदलता येत नाही. ते कारण मी लिहिलं. खरं कारण दुसरं होतं.

लेफ्टनंट असताना, उत्तरेत, मी एका ताफ्याचा प्रमुख होतो. त्यात भाड्याचे ट्रक होते. सकाळी निघताना टायर वाजवून पाहायचे असतात, टामीने ठोकायचं आणि आवाज ऐकायचा. बाहेरचा टायर सहज वाजतो. आतला वाजवायला वाकावं लागतं, चिखलात गुडघा टेकावा लागतो. त्या दिवशी थंडी होती, उशीर झाला होता, आणि मी ‘‘झालं का?’’ असं ओरडून विचारलं. झालं, असं उत्तर आलं. एका ट्रकचा आतला टायर बसलेला होता. जोडीचा हाच दुर्गुण, एक गेला तरी दुसरा गाडी उभी ठेवतो आणि कुणाला कळत नाही. उतारावर दुसराही गेला. क्लीनर पोरगा सतरा-अठरा वर्षांचा, मागच्या फळीवर उभा होता. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. चौकशीत माझ्यावर काही आलं नाही. ‘झालं का’ विचारल्याची नोंद होती.

तेव्हापासून मी ‘‘झालं का’’ विचारत नाही. वाकून बघतो.

आठवडाभराने दाज्यूच्या घरी गेलो. सिव्हिल कपड्यांत, चहाला. तो नाराज होता, पण चहा मिळाला. तिथे ती रिम दिसली, बकरी बांधलेली. वीस इंची, खोल, गंजून तांबडी झालेली, पण तबकडी शाबूत. जिमीची होती की दुसऱ्या कशाची हे मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण जोडीचीच होती. बकरी सोडून आम्ही ती अंगणात आडवी केली, शेजारी त्याची काढलेली पिकअपची रिम ठेवली, आणि दोघांवर काठी आडवी टाकून तबकडीची खोली वितीने मोजली. जुनीत माझा हात मनगटापर्यंत गेला. त्याच्या रिममध्ये बोटांची दोन पेरं. दाज्यू बराच वेळ उकिडवा बसून राहिला. मग त्याने नेपाळीत गॅरेजवाल्याबद्दल काहीतरी म्हटलं, ज्याचा अनुवाद मी इथे देत नाही.

त्याने जोडी उतरवली. दोन जास्तीचे टायर निम्म्या किमतीत विकले गेले, गट्टू भंगारात किलोवर. पिकअप आता कमी वजनाच्या गटात आहे, तिथला दर कमी. रस्ता कोरडा असेल तर तो दिवसात दोन फेऱ्या करतो आणि तरी डिझेल वजा जाता हातात पहिल्या हिशेबाच्या निम्मंच पडतं, हे त्याने मला आकड्यांनिशी सांगितलं. त्याला आता ४०७ घ्यायची आहे, जुनी, तिनसुकियाला एक बघून ठेवली आहे. कर्जासाठी माजी सैनिक म्हणून काय कागद लागतात ते विचारायला तो परवा आला होता. जाताना गाडीपाशी थांबला, टामी काढली आणि चारही टायर वाजवले.